शेडमधला उसना कोट

मी एक काळा कोट बोलतोय. वकिलाचा कोट. तुम्ही म्हणाल, वकील सगळेच काळे कोट घालतात, त्यात तुझं काय एवढं? खरं आहे. कोर्टाच्या आवारात माझ्यासारखे शेकडो हिंडत असतात आणि लांबून बघणाऱ्याला आम्ही सगळे सारखेच दिसतो. पण मला विचाराल तर मी कुणासारखाही नाही. मी श्यामकांतांचा कोट आहे. आता खरं तर 'होतो' म्हणायला हवं, पण ते माझ्या तोंडून निघत नाही.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव मत्सरी आहे. माझ्या माणसाजवळ दुसरं कुणी आलेलं मला खपत नाही. दिल्लीच्या पहिल्याच थंडीत अलकनंदाबाईंनी नवऱ्यासाठी एक बिनबाह्यांचा स्वेटर विणला होता. तो माझ्या आत असायचा, म्हणजे माझ्यापेक्षा छातीच्या जवळ. पूर्ण हिवाळाभर माझ्या पोटात दुखत होतं. उन्हाळ्यात त्याला कसर लागली तेव्हा मला जे बरं वाटलं, ते सांगायचीही लाज वाटते.

माझा जन्म साताऱ्यातला. अलकनंदाबाईंच्या वडिलांनी लग्नात जावयाला कापड दिलं आणि ते अंबादास शिंप्याकडे शिवायला टाकलं. अस्तर नव्या नवरीने निवडलं, गडद जांभळं. आतलं कुणाला दिसतंय, म्हणाली. अंबादासने खांद्यांत जरा जास्तच भरण घातलं. वकील अर्धं तोंडाने बोलतो आणि अर्धं खांद्याने, असं त्याचं मत होतं. श्यामकांतांनी मला अंगावर चढवून आरशात पाहिलं आणि उगाचच घसा खाकरला. त्या क्षणापासून मी त्यांचा झालो.

अलकनंदाबाईंना केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी लागली, दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर मिळालं आणि आम्ही त्यांच्या मागोमाग आलो. बायकोच्या नोकरीमागे नवरा गेला म्हणून साताऱ्यात थोडी थट्टा झाली. श्यामकांतांनी ती हसून घेतली. इथे कोर्टात त्यांची ओळख ना पाळख. चेंबर मिळायचा प्रश्नच नव्हता. आवाराच्या कडेला पत्र्याची एक लांब शेड होती, तिथे नवशिके आणि गरीब वकील टेबलं टाकून बसायचे. रात्री कुणी उचलून नेऊ नये म्हणून खुर्च्या साखळीने टेबलाला बांधलेल्या. त्यातलंच एक टेबल आमचं झालं. श्यामकांतांचं आडनाव काहीही असो, शेडने त्यांना 'मराठे साहब' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

शेजारच्या टेबलावर राजवीर बसायचा. पानिपतजवळच्या एका गावचा, उंचापुरा, मोठ्याने हसणारा. दोघेही नवे, दोघांनाही पक्षकार मिळत नव्हते, त्यामुळे दोस्ती लगेच जमली. पुढे दर संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जायची, तिथल्या स्मारकासमोर सगळे डोकं टेकवायचे आणि परतीच्या वाटेवर श्यामकांत राजवीरच्या गावी उतरायचे. राजवीरची आई चुलीपुढे बसवून त्यांना बाजरीची खिचडी वाढायची. तुपाची धार थांबवायचीच नाही. माझ्या बाहीवर तुपाचा डाग पडला तो तिथलाच. दोघांकडे बघून ती म्हणायची, "मेरे लिए तो दोनों बराबर हैं." श्यामकांतांची आई साताऱ्यात कधीच वारली होती. ते वाक्य ऐकलं की माझ्या आत त्यांची छाती भरून यायची, ते मला कळायचं. मला राजवीरचाही हेवा वाटायचा, पण त्याच्या आईपुढे तो हेवा टिकायचा नाही.

मग दिवस पालटले. बाजार खुला झाला, म्हणे. आम्हाला ते शेडमध्ये बसून असं कळलं, की टेबलं रिकामी पडू लागली. गुडगावकडे शेतं विकली जात होती, उंच इमारती उठत होत्या, आणि अर्धेअधिक वकील कोट उतरवून प्लॉट आणि फ्लॅट विकायला तिकडे गेले. कोर्टात दिसेनात, पण बार असोसिएशनच्या मतदारयादीत त्यांची नावं तशीच राहिली. राजवीरचंही नशीब फळफळलं. त्याने मोटार घेतली, पक्क्या इमारतीत चेंबर घेतलं. शेडमध्ये उरले ते श्यामकांत आणि त्यांच्यासारखे, ज्यांना वकिलीशिवाय दुसरं काही जमत नव्हतं. त्यांत सगळ्यात म्हातारे दीनानाथजी. भाडेकरूंचे छोटे दावे चालवायचे, दम्याने बेजार असायचे. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशीसुद्धा टेबलावर येऊन बसायचे.

एक दिवस बातमी आली की शेड पाडणार. तिथे गाड्या लावायला जागा होणार आणि मागच्या बाजूला चेंबरची नवी इमारत उभी राहणार. खोल्या कुणाला द्यायच्या ते बार असोसिएशन ठरवणार, म्हणजे मुख्यतः सचिव. निवडणूक तोंडावर होती आणि सचिवपदासाठी राजवीर उभा राहिला होता. त्याच्यामागे चेंबरवाले होते. आहे त्या खोल्या त्यांना पुरत नव्हत्या, नव्या इमारतीत त्यांना ऐसपैस हव्या होत्या. राजवीरने त्यांना शब्द देऊन टाकला होता.

तुम्ही त्याच्याविरुद्ध उभे राहा, असं म्हणत शेडवाले श्यामकांतांकडे आले. श्यामकांत नको नको म्हणत राहिले. बाहेरच्या माणसाला कोण मत देणार, शिवाय राजवीरच्या विरुद्ध उभं राहायचं म्हणजे कसं दिसतं. दीनानाथजी सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मराठे साहब, आप खड़े नहीं होंगे तो हम सड़क पर बैठेंगे. मेरी उमर में सड़क पर कितने दिन बैठूँगा?" त्यानंतर श्यामकांतांनी अर्ज भरला. मला इतका अभिमान वाटला की माझे खांदे भरणाशिवायही ताठ राहिले असते. निवडणूक आम्ही दोघे लढवणार, असं मी धरून चाललो होतो.

आणि तेव्हाच तो आला.

श्यामकांतांची मुलगी उत्तरा गुडगावला एका परदेशी कंपनीत नोकरीला लागली होती. पहिल्या पगारातून तिने बाबांसाठी कोट आणला. रुंद काचांच्या दुकानातून, खोक्यात घातलेला, मानेशी इंग्रजी नाव टाचलेला. "बाबा, कँडिडेट आहात तुम्ही. बिल्कुल स्मार्ट दिसलं पाहिजे," म्हणाली. श्यामकांतांनी तो घातला. अंगावर असा बसला की माझ्याकडे कुणी बघेचना. त्याच्यात काही खोट सापडते का, म्हणून मी फार शोधलं. शिवण सरळ होती, बटणं घट्ट होती, आणि वर मुलीच्या पहिल्या पगाराचा. त्याचा धड रागही करता येईना, हे त्यातलं सगळ्यात वाईट. माझी कोपरं घासून चकाकत होती, तुपाचा डाग होताच. अलकनंदाबाई एवढंच म्हणाल्या, की जुना कोर्टात ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

म्हणून मी शेडच्या खांबावरच्या खिळ्यावर आलो. आमच्याकडे पद्धत होती, शेडमध्ये एक जादाचा कोट टांगून ठेवायचा. कुणी घाईत कोट विसरून आला आणि पुकारा झाला, तर तो अंगावर चढवून न्यायाधीशापुढे उभं राहायचं. असल्या कोटाला मालक नसतो. कुणीही ओढतो, कुणीही खिशात पानाची पुडी ठेवतो, परत टांगताना कॉलर सरळसुद्धा करत नाही. पंचवीस वर्षं एका माणसाच्या अंगावर काढल्यावर ही वेळ आली. माझ्या डोळ्यांदेखत तो नवा श्यामकांतांच्या खांद्यांवर बसून प्रचाराला जायचा. टेबलाटेबलावर हात जोडायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायला वाकायचा, संध्याकाळी चेंबरवाल्यांच्या जेवणावळींत मिरवून यायचा. परत आला की त्याला दुसऱ्यांच्या अत्तराचा वास यायचा. मी खिळ्यावरून बघत राहायचो आणि जळायचो. देवाशप्पथ सांगतो, एक-दोनदा माझ्या मनात आलं, श्यामकांत हरले तर बरं होईल. तो नवा मग पांढऱ्या पायाचा ठरेल आणि मला परत घरी नेतील.

मतदानाच्या दिवशी फाटकापाशी दोन्हीकडचे उमेदवार रांगेत उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आपलं कार्ड कोंबायचं आणि हात जोडायचे, अशी इथली रीत. दुपारपर्यंत जमिनीवर कार्डांचा सडा पडला. श्यामकांत आणि राजवीर शेजारी शेजारीच उभे होते. मतदार नसला की दोघे एकमेकांना चहा पाजत होते.

निवडणूक समितीने एक नियम काढला होता, मतदानाला येणाऱ्याने कोट आणि गळ्याला पांढरा बँड घालूनच आत यायचं. कोर्टात रोज येणाऱ्यांना अडचण नव्हती. पण गुडगावहून मोटारीतून आलेले, प्लॉट विकणारे वकील रंगीबेरंगी टी-शर्टात उतरले. कुणाचा कोट घरी, कुणाचा मुलाने नेलेला, कुणाला तो कुठे आहे तेच आठवेना. मग त्यांना माझी आठवण झाली. मला खिळ्यावरून ओढलं, एकाने घातलं, तो आत जाऊन आला, बाहेर येऊन मला उतरवलं, लगेच दुसऱ्याने घातलं. असं दिवसभर चाललं.

आता गंमत बघा. आत पडद्यामागे एक टेबल, त्यावर मतपत्रिका आणि रबरी शिक्का. तिथे मतदार एकटा असतो. पण त्या दिवशी ते एकटे नव्हते, त्यांच्या अंगावर मी होतो. ज्याने फाटकाशी श्यामकांतांच्या गळ्यात पडून 'मराठे साहब, वोट तो आपका ही है' म्हटलं, त्याने आत जाऊन राजवीरच्या नावापुढे शिक्का मारला. ज्याने राजवीरच्या मोटारीतून येऊन राजवीरचा चहा प्यायला, त्याने चक्क आम्हाला मत दिलं, आणि मारताना इकडेतिकडे बघून घेतलं. एका माणसाने विचार न करता दोन्ही नावांवर शिक्के मारले आणि मत बाद करून खुशीत बाहेर गेला. मी सगळं बघितलं. बाहेर तो नवा कोट श्यामकांतांच्या अंगावर तोऱ्यात उभा होता, पण त्याला काय माहीत होतं? त्याने फक्त जोडलेले हात बघितले होते. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला त्याची कीव आली.

मतदान संपत आलं तेव्हा दीनानाथजी धापा टाकत आले. रात्री दमा उसळला होता, रिक्षावाल्याने उचलूनच आणलं होतं. घाईत कोट राहिला होता. मी त्या वेळी भलत्याच्याच अंगावर आतून बाहेर येत होतो. श्यामकांतांनी मागचा पुढचा विचार न करता आपला नवा कोट उतरवला आणि दीनानाथजींना घातला, बटणंही स्वतःच लावली. त्यांना हाताला धरून पायऱ्यांपर्यंत सोडलं. तेवढ्यात समितीच्या माणसाने ओरडून सांगितलं की उमेदवारांपैकी मराठे साहेबांचंच मत राहिलंय, दार लागतंय. मी नुकताच खिळ्यावर परतलो होतो. श्यामकांत धावत आले आणि त्यांनी मला अंगावर चढवलं.

काय सांगू तुम्हाला. दिवसभराचे सगळे परके वास माझ्यातून निघून गेले. ते खांदे, ती जराशी वाकलेली मान, सगळं ओळखीचं. माझ्या भरणात ते नेमके बसले. मी मनात म्हटलं, शेवटी महत्त्वाच्या वेळी मीच लागलो. त्याला नाही, मला नेलं. पायऱ्या चढताना मी त्या नव्याकडे, दीनानाथजींच्या अंगावर ढगळ लोंबणाऱ्या त्या साहेबाकडे, मुद्दाम बघून घेतलं.

पडद्यामागे श्यामकांतांनी शिक्का उचलला. माझी बाही त्यांच्या नावावर आली. तिथे थांबली. ते स्वतःच्या नावाकडे बघत राहिले आणि त्यांचे कान गरम झाले, ते मला कॉलरशी जाणवलं. लहानपणापासून ज्या माणसाने पंगतीत स्वतःचं ताट आधी वाढून घेतलं नाही, त्याला स्वतःलाच मत देणं निलाजरेपणाचं वाटलं असावं. त्यांची नजर बाहीवरच्या तुपाच्या डागावर गेली. मग बाही खाली सरकली. राजवीरच्या नावापुढे शिक्का पडला. तसं करून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, हे मला कळलं, कारण त्यांनी मोठा श्वास सोडला. एक शिष्टाचार पाळल्याचं समाधान घेऊन आम्ही बाहेर आलो. राजवीरने विचारलं, "दे आए भाईसाहब?" श्यामकांत हसले आणि म्हणाले, "दे आया."

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. मी खिळ्यावर होतो. ढोल वाजले ते चेंबरच्या बाजूने. थोड्या वेळाने शेडवाले एकेक करून परत आले आणि आपापल्या साखळीच्या खुर्च्यांवर बसले. श्यामकांत एका मताने हरले होते. लोकांनी फेरमोजणी मागा म्हणून आग्रह धरला. श्यामकांतांनी ती मागितली नाही. का नाही मागितली ते त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं. ते मत त्यांनी स्वतःला दिलं असतं, तर तेच एका मताने जिंकले असते.

दीनानाथजींनी नव्या कोटाची नीट घडी घालून आणली होती. ती श्यामकांतांच्या हातात देत ते म्हणाले, "दिल छोटा मत कीजिए. कोई अपना ही चूक गया होगा." श्यामकांतांनी घडी घेतली. त्यांना मान वर करता आली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी मला खिळ्यावरून काढून घरी आणलं. ज्याची मी वाट बघत होतो, ते घडलं, पण मला आनंद झाला नाही. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात त्यांनी अलकनंदाबाईंना आणि उत्तराला खरं ते सांगितलं. उत्तराला आधी ती थट्टाच वाटली. "बाबा, सीरियसली? अपोझिशनला वोट दिलं तुम्ही?" मग त्यांचा चेहरा बघून ती त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. श्यामकांत म्हणाले, "स्वतःच्या नावावर हात धजेना गं. आपल्यात असं करत नाहीत. आणि राजवीरच्या आईचं अन्न खाल्लंय मी."

अलकनंदाबाईंनी गॅस बारीक केला. त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त कठीण होतं.

"ते अन्न तुम्ही खाल्लंत," त्या म्हणाल्या. "दीनानाथजींनी नाही. ते मत तुमच्या एकट्याचं नव्हतंच."

सकाळी श्यामकांतांनी कपाट उघडलं. दोन हँगर शेजारी शेजारी होते. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला, माझ्या बाहीला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. त्यांनी नवा कोट घातला.

उन्हाळ्यात शेड पाडली. राजवीर शब्दाचा पक्का निघाला, त्याने ज्यांना खोल्या कबूल केल्या होत्या त्यांना त्या दिल्या. श्यामकांतांसाठीही त्याने आपणहून एक खोली काढून ठेवली होती, ती श्यामकांतांनी घेतली नाही. दीनानाथजींनी जिन्याखाली टेबल टाकलं. येणाऱ्याजाणाऱ्यांची धूळ त्यांच्यावर उडायची. एका थंडीत ते यायचे थांबले. हे सगळं मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी श्यामकांत अलकनंदाबाईंना थोडं थोडं सांगायचे, ते मी कपाटात ऐकत होतो.

अलकनंदाबाई निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडावं लागलं. आता आम्ही गुडगावला, उत्तराच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर राहतो. श्यामकांत अजून कोर्टात जातात. तो नवा आता नवा राहिलेला नाही, त्याचीही कोपरं चकाकतात, एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलंय. तरी रोज सकाळी तोच बाहेर पडतो. मी प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकलेला असतो.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात असा कोट असेल, तर त्याला नुसता जपून ठेवू नका. कुणाला तरी देऊन टाका. एखादा नवशिका घाईत घालेल, खिशात पुडी ठेवेल, कॉलर सरळ करणार नाही, तरी चालेल. मला ते अपमानाचं वाटायचं, आता वाटत नाही.

परवा त्यांनी कपाट उघडलं, पिशवी बाजूला केली आणि माझ्या बाहीत मनगटापर्यंत हात घातला. क्षणभर तो तिथेच राहिला. मी खांदे ताठ केले. मग त्यांनी हात काढून घेतला, शेजारच्याला हँगरवरून उतरवलं आणि ते कोर्टाला गेले. मला अजूनही त्याचा हेवा वाटतो. त्या दिवशी पडद्यामागे काय झालं ते त्याला माहीत नाही, म्हणून ते त्याला रोज अंगावर घालू शकतात.